गुडघ्याखालची दोन बोटांची खूण

माझ्या डाव्या पायातून हातभर लांब शीर काढून घेतली, आणि काढल्याची खूण केवढी, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन बोटं आडवी ठेवली की झाकून जाते. वर मांडीत आणखी एक टोचा आहे, तो मलाही शोधावा लागतो. गावात कोणाला दाखवलं तर म्हणतात, ह्यातून काय काढलं, काटा का? छातीवरची लांब रेघ पाहून माणूस गप्प होतो. पायाकडं कोणी बघत नाही. मला सांगायचंय ते मात्र पायाचं आहे.

मी चौथी शिकलेला. ऐंशी सालानंतर जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये लागलो. लालबुंद सळई रोलातून सापासारखी बाहेर यायची, ती चिमट्यात धरायची आणि पुढच्या रोलात घालायची, एवढंच काम. पण ते करताना नजर हलली तर पाय जायचा. वीस वर्षं केलं. जालन्यात खोली होती, हप्त्यातून एक दिवस वाटूरकडं आमच्या गावी यायचो. तेव्हा आमचा मुलगा एक तर झोपलेला असायचा, नाहीतर आईच्या आडून माझ्याकडं बघायचा. तसाच बघत बघत तो मोठा झाला, शिकला, पुण्याला कंपनीत लागला. बायको गेली तेव्हा मी मिल सोडून गावाकडं आलो आणि एकटा राहायला लागलो. माझी भाकर मी थापतो, माझं धोतर मी धुतो, हे मी चारचौघांत मुद्दाम सांगायचो.

मंग छातीत दुखायला लागलं. मुलानं पुण्याला नेलं. हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत, बायपास करावी लागेल, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगा म्हणाला, "आबा, ऑपरेशन झालं की आता आमच्याकडंच राहा. गावाकडं कोण आहे?"

"मी हाय की."

"तुम्हाला बघायला कोण आहे म्हणतो मी."

"मी काय सर्कस हाय का बघायला?"

तो हसला नाही. मला त्याच्या आवाजात ताबा घेतल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि मी अडून बसलो. शेवटी दोघांत ठरलं, म्हणजे मीच ठरवलं. छातीचं हाड जुळायला दोन महिने लागणार होते, तोवर त्याच्याकडं राहायचं. दोन महिन्यांनी मी माझ्या पायानं तीन मजले उतरलो आणि चढलो तर गावाकडं जायचं, आणि परत हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर तो म्हणेल तसं. "कबूल?" मी विचारलं. "कबूल," तो म्हणाला, आणि घड्याळाकडं बघितलं.

म्हणून मला पायाची काळजी होती. छाती फाडणार ह्याचं भय नव्हतं. ती फाडल्याशिवाय भागणारच नव्हतं. पण पायातली शीर काढून हृदयाला जोडतात हे कळलं आणि मी विचारलं, पाय किती दिवस धरून बसेल? डॉक्टर म्हणाले, नेहमीच्या पद्धतीनं घोट्यापासून वरपर्यंत चीर द्यावी लागते, ती भरायला वेळ घेते, कोणाला पाणी सुटतं, कोणी महिना-दीड महिना लंगडतो. दुसरी पद्धत आमच्याकडं नुकतीच सुरू झाली आहे. ती ह्या मॅडम करतात.

मॅडम म्हणजे तिशीच्या आतली मुलगी होती. तिनं माझा पाय हातात घेतला, तळपायापासून वर बोटं फिरवली, जसा बाजारात बैलाचा पाय बघतात तसा. म्हणाली, "काका, गुडघ्याजवळ एवढंसं कापायचं. त्यातून दुर्बीण आत घालायची. आत थोडा गॅस सोडला की जागा होते आणि शीर समोर टीव्हीवर दिसते. तिला लहान लहान फांद्या असतात, त्या आतल्या आत जाळून बंद करायच्या. मग शीर मोकळी होते, ती ओढून घ्यायची."

"म्हंजे बीळ न उकरता उंदीर धरायचा."

"अगदी तसंच. पण उंदीर जखमी होता कामा नये."

"आन् शीर काढल्यावर पायानं काय करायचं?"

"पायात आत खोल मोठ्या शिरा आहेत, त्या काम करतात. ही वरची. हिच्यावाचून अडत नाही."

हिच्यावाचून अडत नाही, हे मला आवडलं. मुलगा मात्र म्हणत होता, जुनी पद्धत खात्रीची, लोकांनी केलेली. मी म्हणालो, पाय कोणाचा हाय? तिथं विषय संपला.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा छातीवर कोणी लोखंडाचा ठोकळा ठेवल्यासारखं वाटत होतं. पायाकडं हात गेला. गुडघ्याला पट्टी, बाकी सगळा पाय साबूत. मला हसू आलं, पण हसलं की छाती दुखायची.

शेजारच्या खाटेवर सोलापूरकडचे एक मास्तर होते. त्यांची जुन्या पद्धतीनं शीर काढली होती, घोट्यापासून मांडीपर्यंत टाके. त्यांना उठवायला दोन माणसं लागायची. बायको पायाखाली उशी सरकवायची, थोरली पोरगी पाणी द्यायची, धाकटी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. मी पाचव्या दिवशी एकटा संडासला जाऊन आलो आणि येताना त्यांच्या खाटेपाशी मुद्दाम थांबलो.

"मास्तर, कसं काय?"

"चाललंय. तुमचं बरंय बुवा, भोकात भागलं."

"भोकात भागलं," मी म्हणालो, आणि माझ्या खाटेवर येऊन बसलो. माझ्या खाटेजवळची खुर्ची रिकामी होती. मुलानं मी चालतोय हे बघितलं होतं आणि तो कामावर गेला होता. बराबरच होतं. पण धाकटी पोरगी पलीकडं बाजारभाव वाचत होती आणि मी इकडून कान लावून ऐकत होतो, हेही खरं.

घरी जायच्या आदल्या दिवशी मॅडम येऊन गेल्या. पायाच्या आतल्या बाजूला, पोटरीपासून घोट्यापर्यंत, मला बोट लावलेलं कळत नव्हतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, शिरेच्या जोडीनं कातडीची एक नस जाते, ती दुखावते कधी कधी. काही महिन्यांत येईल परत, नाहीतर थोडं राहील. तेवढ्या भागाला भाजणार-कापणार नाही ह्याची काळजी घ्या. मी मान हलवली. वीस वर्षं भट्टीपुढं काढलेल्या माणसाला ही काय भाजण्याचं सांगते, असं मनात आलं.

ते दोन महिने. त्यांच्याविषयी मी कोणाला बोललो नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी मुलगा मला खाली सोसायटीच्या मैदानात फिरवायचा. आधी दोन चकरा, मंग चार, मंग आठ. तो माझ्या डाव्या बाजूनं चालायचा, कारण पाय डावा. हात धरायचा नाही, पण हात तयार ठेवायचा. बोलणं काय, तर कंपनीतला वरचा साहेब कसा आहे, शेतातल्या विहिरीला पाणी किती आहे. एकदा त्यानं विचारलं, "सळई सुटली की काय करायचे तुम्ही?" मी सांगितलं, पाय उचलायचा आणि देवाचं नाव नंतर घ्यायचं. तो मोठ्यानं हसला. माझ्या कामाविषयी त्यानं विचारलेलं ते पहिलं. मिलमधली वीस वर्षं त्यानं कधी विचारली नव्हती, आणि मी तरी कधी सांगितली होती?

महिना झाल्यावर एक दिवस तो म्हणाला, "आता तुमचे तुम्ही छान जाता की. उद्यापासून मी अर्धा तास झोपतो." मी म्हणालो, झोप, झोप. दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं दहा चकरा मारल्या. मैदान तेवढंच होतं, पण चकरा संपेनात.

दोन महिने झाले. मी तीन मजले उतरलो, चढलो, वर येऊन न धापा टाकता पाणी मागितलं. सूनबाई म्हणाली, "आबा, राहिला असता अजून." मुलानं माझ्याकडं बघितलं. त्यानं कबूल केलं होतं, म्हणून तो काही बोलला नाही. त्यानं एकदा म्हणायला पाहिजे होतं. आमच्याकडं पहिल्या वेळी कोणी हो म्हणत नसतं, जेवायलासुद्धा. पण मी माझ्याच अटीनं त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं. त्यानं बस गाठून दिली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली.

गावात आठ दिवस माझी मिरवणूक झाली. वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात बसलो की लोक जवळ यायचे, छातीची रेघ बघायचे, चहा पाजायचे. नवव्या दिवशी चहा मी सांगितला. घरात एका माणसाची भाकर थापताना मी दोन थापायला लागलो, एक संध्याकाळी कुत्र्याला. कुत्रं आमचं नव्हतं.

रविवारी फाट्यावरच्या फोनच्या दुकानातून मी पुण्याला फोन लावायचो. मुलगा विचारायचा, "पाय कसाय?" मी म्हणायचो, "ठणठणीत." "छाती?" "ती तर लोखंड." "मग बरंय. काळजी घ्या." फोन संपायचा. दुकानदार म्हणायचा, "काका, तुमचं बोलणं लई कमी." ठणठणीत म्हणालं की पुढं बोलायला काही उरत नाही, हे मला सहा-सात रविवारांनी कळलं.

एका रविवारी मी म्हणालो, "पाय जरा दुखून राह्यलाय."

फोनच्या पलीकडं एकदम हालचाल झाली. कुठं दुखतो, केव्हापासून, चालताना का बसल्यावर, सूज आहे का, लाल झालंय का. मी एकेकाचं उत्तर देत गेलो. एवढं लांब आम्ही फोनवर कधी बोललो नव्हतो. शेवटी तो म्हणाला, "शनिवारी येतो मी. बघू."

पाय दुखत नव्हता. पायाला काहीच होत नव्हतं, तेच तर त्याचं दुखणं.

शुक्रवारी मी ओट्यावर बसून पाय बघितला. गुडघ्याखालची खूण पांढरी पडलेली, मिटलेली. सूज नाही, लाली नाही. मास्तरांसारखी घोट्यापासून वरपर्यंत रेघ असती तर माणूस नुसता तिच्याकडं बोट करून गप्प बसला असता. ह्या एवढ्याशा खुणेवर दुखणं कसं मांडणार? उद्या पोरगं दोनशे मैल येणार आणि धोतर वर करून बघणार, पाय धडधाकट. मला लाज वाटली आणि त्या लाजेत मी जे केलं ते आमच्याकडचाच माणूस करू जाणे.

आमच्याकडं पोटरी, गुडघा, टाच, काही दुखलं की बिब्बा लावतात. बिब्ब्याला दाभण टोचायचं, दिव्यावर धरायचं, काळं तेल सुटलं की त्याचे ठिपके दुखऱ्या जागेवर द्यायचे. चटका बसतो, काळा डाग पडतो, आत दुखणं मरतं म्हणतात. बायको हे काम करायची. मिलमध्ये उभं राहून राहून माझ्या पोटऱ्या भरायच्या, तेव्हा हप्त्याच्या सुट्टीला ती ठिपके द्यायची आणि मी ओरडलो की म्हणायची, "भट्टीपुढं उभा राहता आन् बिब्ब्याला भेता." तिच्या डब्यात अजून पाच-सहा बिब्बे होते, वाळून खडखडीत झालेले.

मी दोन ठिपके दिले. चटका बसला नाही. वाटलं, जुना बिब्बा, तेल मेलेलं. आणखी दिले. मंग एक रेघच ओढली, घोट्यापासून वर वीतभर. काही नाही. बारा हातांवरून भट्टीची आच ओळखणारा मी, माझ्या स्वतःच्या पायावर काय चाललंय ते मला कळत नव्हतं. मॅडमनं सांगितलेलं मला तेव्हा आठवलं नाही. खोटं बोलणाऱ्याला फक्त खोटं आठवतं.

सकाळी उठलो तर बिब्बा उतला होता. रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाण्यानं भरलेले फोड, एक तर तळहाताएवढा. पाय खांबासारखा सुजलेला.

मुलगा दुपारी आला. पिशवी हातातच, पायाकडं बघून उभा राहिला.

"हे ऑपरेशनचं नाही."

"न्हाई."

"बिब्बा लावला?"

"दुखत होतं."

"दुखत होतं तर चटका नाही कळला?"

तो हुशार आहे. शिरेजवळची ती बधिर जागा त्याच्या लक्षात होती. मॅडम सांगत होत्या तेव्हा तो दारात उभा होता. जिथं बिब्बा कळला नाही तिथं दुखणं कसं कळलं, हा हिशोब त्यानं माझ्या समोर मनातल्या मनात केला. मला तो करताना दिसला. आणि करून झाल्यावर त्यानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "चला, जालन्याला जाऊ."

जालन्याचा डॉक्टर मला लई बोलला. साखर नाही म्हणून वाचलात, म्हणाला, नाहीतर पाय गेला असता. मुलानं रजा टाकली. आठ दिवस गावात राहिला. रोज सकाळी माझा पाय मांडीवर घेऊन जखम धुवायचा, मलम लावायचा, पट्टी करायचा. बिब्ब्याविषयी त्यानं परत काही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला भाकर थापायची हुक्की आली. ती भाकर नकाशासारखी झाली. आम्ही दोघांनी ती खाल्ली.

नवव्या दिवशी परत डॉक्टरकडं. जखम सुकली होती, पण संध्याकाळी घोटा सुजत होता. डॉक्टरनं गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा लिहून दिला: सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडायच्या आधी चढवायचा, रोज. मुलानं मोजा घेतला आणि आम्ही बसस्टँडवर आलो. त्याला पुण्याची बस, मला गावाकडं जाणारी मंठ्याची.

बाकावर बसून मी मोजा घालून बघितला. मिलमध्ये माझ्या उजव्या हाताची बोटं दोनदा भाजली आहेत, त्यांना चिमट्याची पकड आहे, कापडाची नाही. मोजा टाचेपर्यंत आला आणि अडला. मी परत काढला, परत घातला. समोरच्या बाकावरच्या बाया बघत होत्या. मुलगा मदतीला वाकला नाही. त्याच्याकडं बघितलं तर तो वाट बघत होता. कशाची ते मला कळत होतं.

पुण्याची गाडी लागली. लोक चढायला लागले.

मी मोजा त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "हे मला एकट्याला जमायचं न्हाई."

त्यानं खाली बसून तो चढवला, टाचेवरून, घोट्यावरून, सुरकुती न पडू देता. उठला, म्हणाला, "तुमचे कपडे?"

"तुझ्या बापाच्या अंगावर हायत."

मी पुण्याला गेलो. रोज सकाळी तो माझ्या खोलीत यायचा, अंथरुणाच्या कडेला बसायचा आणि मोजा चढवायचा. पाच मिनिटांचं काम. दिवसभर मंग मी आणि भिंती. सूनबाई कामावर, तो कामावर, खाली ओळखीचं कोणी नाही. पण पाच मिनिटं होती.

अडीच महिन्यांनी तिथल्या डॉक्टरला दाखवलं. तो मुलाला म्हणाला असेल नसेल, मला म्हणाला, काका, सूज गेली, मोज्याची गरज नाही आता. मुलगा तेव्हा बाहेर औषधाच्या खिडकीपाशी होता. मी त्याला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, बसला, मोजा चढवला. तिसऱ्या दिवशीही. असा सव्वा-दीड महिना गेला.

एक दिवस घरात कोणी नसताना मी डॉक्टरची फाईल काढली. इंग्रजी मला येत नाही. पण शेवटच्या कागदावर औषधांच्या यादीत एका ओळीवर काट मारलेली होती, आणि तिच्या शेजारी मुलाच्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं: मोजा बंद. खाली त्या दिवसाची तारीख.

मी कागद होता तसा ठेवला. त्याला विचारलं नाही.

रोज धुऊन धुऊन मोजा सैल पडला. एका सकाळी तो यायच्या आत माझाच हात लागला आणि मोजा सरकन् गुडघ्यापर्यंत आला. काढून ठेवावा का, असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात तो दारात आला. त्यानं पायाकडं बघितलं, मी पायाकडं बघितलं.

"चढला का?" त्यानं विचारलं.

"चढला," मी म्हणालो.

तरी तो अंथरुणाच्या कडेला येऊन बसला. मंग म्हणाला, "नवीन आणू का?" मी म्हणालो, न्हाई. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, "आणतो ना, काय लागतंय?" मी तेव्हाही न्हाई म्हणालो. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. मोज्याचं निमित्त संपलं होतं. आठ दिवसांनी मी गावाकडं आलो.

रविवारी फोन करतो. तो पाय कसाय विचारतो. आजकाल मी ठणठणीत म्हणत नाही. म्हणतो, हाय तसाच. मंग तो विचारतो, तसाच म्हणजे कसा, आणि मी सांगत बसतो.